नवव्या भागातला फुटका आवाज

आमचे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, बावीस वर्षं एका परदेशी गुप्तहेराचा आपल्या भाषेतला आवाज आहेत. पडद्यावर तो देखणा माणूस ओठ हलवतो, बोलतात ते भाऊजी.

त्याआधी ते बसस्थानकात चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारत. एकदा गाडी दोन तास उशिरा सुटणार हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की कुणी कुरकुरलंसुद्धा नाही. वाट बघणाऱ्यांत डबिंग करून घेणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी खिडकीशी येऊन विचारलं, "सिनेमात बोलाल का?" भाऊजींनी नोकरी सोडली. आम्हा सगळ्यांना वाटलं, माणसाचं नशीब फळफळलं.

पण तो आवाज गळ्यात पडला तो पडलाच. दुसरं काम म्हणून मिळेना. रेडिओच्या नाटकात आजोबा करायला गेले, तर "तुम्ही 'बाळा, दूध पी' म्हणालात की दुधात विष असल्यासारखं वाटतं" म्हणून परत पाठवलं. लग्नात गेले तरी कुणीतरी म्हणणारच, "एकदा तो डायलॉग होऊन जाऊ दे!" मुलीला रागावले तर ती खुदकन हसायची. "बाबा, घरातल्या आवाजात रागवा ना."

"घरातला कुठला, ते मलाच आठवत नाही रे," असं ते मला एकदा म्हणाले होते. मी हसलो. ते हसले नाहीत.

मग त्या गुप्तहेराच्या सिनेमांचा नववा भाग आला. आठ भागांत छपरांवरून उड्या मारणारा गुप्तहेर या भागात पकडला जातो आणि जवळजवळ अर्धा सिनेमा एका कोठडीत बसून असतो. बोलणं थोडं, बाकी धापा, खोकला, कण्हणं. स्टुडिओतली बोलायची खोली म्हणजे कपाटच. चारी भिंतींना गाद्या, समोर काच, काचेपलीकडे त्याच डबिंगच्या बाई आणि रेकॉर्डिस्ट. आवाज येतो म्हणून पंखा बंद. चार दिवस भाऊजी तिथे उभे राहून धापा टाकत होते. चौथ्या दिवशी "कुणी आहे का तिकडे?" एवढंच वाक्य उरलं होतं. 'कुणी' म्हणताच त्यांचा आवाज मधोमध फुटला, उसासारखा.

"परत घेऊ," भाऊजी कसेबसे म्हणाले.

"नको," बाई काचेपलीकडून म्हणाल्या. "हेच ठेवते."

डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आहेत. महिनाभर अवाक्षर नाही. कुजबुजसुद्धा नाही. भाऊजी खिशात वही घेऊन फिरू लागले. घरात ताई एकटीच बोलायची, आणि उत्तर वाचायला चष्मा शोधायची.

त्याच महिन्यात सिनेमा लागला. मी भाऊजींबरोबर केशकर्तनालयात गेलो होतो. त्यांच्या तोंडाला फेस, मान मागे, गळ्यावर वस्तरा. बाकावर एक शिकवणीचे मास्तर आणि एक टेम्पोवाला वाद घालत बसले होते.

"गुप्तहेर म्हणजे पळायला हवा," मास्तर म्हणाले. "हा आपला बसलाय भिंतीला टेकून! आणि आवाज ऐकलात? तो पहिला माणूस बहुतेक वारला. कुणीतरी दमेकरी आणून बसवलाय."

"मला तर हाच भाग आवडला," टेम्पोवाला म्हणाला. "दिवसभर मी पत्र्याच्या डब्यात बसलेला असतो, मास्तर. पळणारा माणूस बघून मला काय मिळतं? त्यानं 'कुणी आहे का' म्हटलं ना, माझ्या तोंडून 'आहे' निघून गेलं."

"त्या दमेकऱ्याला नारळ द्यायला हवा होता, एवढंच मी म्हणतो."

न्हावीदादांना सगळं ठाऊक होतं. त्यांचा हात थांबला. मी तोंड उघडणार, तोच भाऊजींनी कापडाखालून माझं मनगट घट्ट धरलं. वस्तरा पुन्हा फिरू लागला. त्यांच्या डोळ्याच्या कडेतून पाणी कानापर्यंत गेलं. न्हावीदादांनी ते फेसाबरोबर टिपून घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, 'दहावा करणार नाही.' ताईनं वाचलं, वही मिटली आणि म्हणाली, "नका करू. पण मग करणार काय?" त्यांनी वही परत खिशात घातली.

गाठी विरल्या, आवाज परतला. भाऊजींनी डबिंगच्या कंपनीला नकार कळवला. कंपनीनं बारा जणांचे आवाज तपासले. शेवटी बाई स्वतः चार जिने चढून घरी आल्या.

"लोकांना तुम्हीच हवे आहात," त्या म्हणाल्या. "म्हणजे तो नवव्यातला आवाज. फुटलेला."

"तो आजार होता, बाई."

"माहीत आहे. पण आता तोच त्याचा आवाज झालाय."

डॉक्टरांनी बजावलं होतं, मुद्दाम घसा फोडलात तर पुढच्या वेळी बोलायला काही उरणार नाही. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षं बाकी होती, आणि भाऊजींना कुणी दुसरं काही बोलू देत नव्हतं.

"येतो," ते म्हणाले. "पण बरा झालेला आवाज घेऊन येईन. फोडणार नाही."

दहाव्याच्या पहिल्या दिवशी मी काचेपलीकडे बाईंजवळ बसलो होतो. भाऊजी पहिलं वाक्य स्वच्छ बोलले. बाईंनी बटण दाबून म्हटलं, "जरा खरखर आणा ना." त्यांनी पुन्हा तितकंच स्वच्छ म्हटलं. असं सात वेळा झालं. रेकॉर्डिस्ट खाली मान घालून बसला होता. आठव्यांदा बाईंनी बटण दाबलं आणि बोट काढून घेतलं. पुढचं वाक्य घेतलं.

दहावा भाग लागला तेव्हा शिकवणीचे मास्तर मला रस्त्यात भेटले. एव्हाना त्यांना नातं कळलं होतं. माझा हात हातात घेऊन ते कळवळून म्हणाले, "भाऊजींना सांगा, आवाज कसा नवव्यासारखा हवा! काय जीव होता त्यात!"

मी हे घरी सांगितलं नाही. भाऊजी गॅलरीत बसून अकराव्या भागाची वाक्यं वाचत होते. मनातल्या मनात, ओठ न हलवता.