तगीब्याड, बंगारा

दुपारची बस होती, बेळगावहून निपाणीला येणारी. संकेश्वर मागं पडलं होतं आणि मी मांडीवरच्या रेवाला खिडकीतून उसाचा ट्रॅक्टर दाखवत होते. "बघ, ट्रॅक्टर. मोठा ट्रॅक्टर. त्यात ऊस आहे." तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. कोगनोळीचा नाका ओलांडून तो रोज कागलच्या कारखान्यात जातो आणि ड्यूटीवर असताना कधी फोन करत नाही. "आई गेली गं," तो म्हणाला, "जेवून आडवी झालती. उठलीच न्हाय. म्या घरी पोचलोय, तू सावकाश ये." फोन ठेवला तेव्हा रेवा माझ्या तोंडाकडं बघत होती. साडेतीन वर्षांची माझी मुलगी, दोन्ही कानांमागं ऐकायची यंत्रं आणि केसांत चिकटलेल्या दोन गोल चकत्या. तिनं बोट खिडकीकडं केलं. पुढचं सांग, असा त्याचा अर्थ. मी सांगितलं, "बघ, पूल. मोठा पूल." निपाणी येईपर्यंत पूल, म्हैस, पेट्रोल पंप, पुन्हा म्हैस... मी सांगत राहिले. या मुलीच्या कानावर शब्द पडत राहिले पाहिजेत, असं दीड वर्ष माझ्या डोक्यात ठोकून बसवलेलं होतं. त्या बसमध्ये मला रडायचीही सोय नव्हती.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. माहेर चिकोडीकडचं, घर पूर्ण कानडी. तिकडं त्या नीलव्वा होत्या, लग्न होऊन निपाणीच्या मराठी घरात आल्या आणि नीलाबाई झाल्या. मी उचगावची, हायस्कूलात विज्ञान शिकवणारी, वेळापत्रकावर विश्वास असलेली बाई. माझं कन्नड बाजारापुरतं. आमचं दोघींचं तसं बरं होतं, म्हणजे एकमेकींच्या वाटेला न जाण्याइतकं. रेवाला जन्मापासून ऐकू येत नाही हे कळलं आणि तिच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास दोन्ही कानांची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मी नोकरी सोडली. लोकांना वाटतं ऑपरेशन झालं की मूल ऐकायला लागतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. यंत्र दिवसभर डोक्यावर राहायला हवं, नाहीतर त्या ऑपरेशनचा काही उपयोग नाही. आणि आमची रेवा ते दोन मिनिटंसुद्धा ठेवत नव्हती.

ते पहिले महिने मला अजून जसेच्या तसे आठवतात. मिक्सर बंद, टीव्ही बंद, खिडक्या बंद, कुणाकडं जाणं नाही, कुणी आलेलं चालत नाही. सकाळी यंत्र लावायचं, तिनं ओरबाडून काढायचं, मी पुन्हा लावायचं. चकतीत चुंबक असतं. एकदा अर्धा दिवस आम्ही घर उलथंपालथं केलं, तर ती स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरला चिकटलेली. आत्यांनीच शोधली. त्या हसत सुटल्या, "सिलिंडरला बी ऐकू यायला पायजे की गं!" मला हसू आलं नाही. मी दार आतून लावून त्या दाराला पाठ टेकून बसले होते. शाळा सुटली होती, माणसं सुटली होती, आणि एका दोन वर्षांच्या पोरीबरोबर मी चार खोल्यांत बंद झाले होते. खरं सांगायचं तर कधी कधी मला तिचा राग यायचा. हे लिहिताना लाज वाटते, पण यायचा.

मग हळूहळू एक गोष्ट घडू लागली. मी अंघोळीला गेले, दुकानात गेले, की रेवा यंत्र ठेवायची. परत आल्यावर बघावं तर आत्यांच्या मांडीवर, दोन्ही यंत्रं जागच्या जागी. आत्यांनी खणाच्या तुकड्याचं टोपडं शिवलं होतं, चकत्या धरून ठेवणारं आणि यंत्राच्या तोंडाशी भोकं ठेवलेलं. मला वाटलं, टोपड्याची करामत. दहा मिनिटांचा तास झाला, तासाचा अर्धा दिवस. वेळापत्रकात मी बरोबरच्या खुणा करत गेले आणि श्रेय मनातल्या मनात स्वतःलाच देत गेले.

बेळगावच्या थेरपीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, घरात एकच भाषा ठेवा, मुलीचा गोंधळ होईल. आम्ही मराठी ठरवली. आत्यांनाही सांगितलं, त्यांनी मान हलवली. मग एका मंगळवारी थेरपीत बाईंनी रेवाच्या हातातली रंगीत रिंग काढून घ्यायला हात पुढं केला, तर रेवानं रिंग छातीशी धरली आणि मोठ्यानं, अगदी स्पष्ट म्हणाली, "ब्याड!"

ब्याड म्हणजे नको. कानडीत. माझ्या मुलीचा पहिला शब्द... ज्यासाठी मी वर्षभर कोंडून घेतलं होतं. बाई म्हणाल्या, "घरी कन्नड कोण बोलतंय?" आणि मी आनंदानं उडी मारायची सोडून शरमेनं लाल झाले.

घरी येऊन मी आत्यांना समोर बसवलं. त्यांनी काही लपवलं नाही. रेवाचा हात डोक्याकडं गेला की त्या तो धरून म्हणायच्या, "तगीब्याड, बंगारा, तगीब्याड." काढू नको, माझ्या सोन्या. दिवसातून शंभर वेळा म्हणत असतील. "तिला गोंधळ होतोय आत्या, तुम्हाला सांगितलं होतं ना?" मी शाळेतल्या आवाजात बोलत होते. त्या लुगड्याच्या पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "चाळीस वर्सं मराठी बोलतोय म्या. बाजाराला येती, भांडायला येती. पर लेकरू मांडीवर घिटलं की त्वांडातनं कानडीच येतीया. मराठीत मला लाड करायला येत न्हाय गं."

मी म्हणाले, "मग बोलू नका."

एवढंच. आवाज चढवला नव्हता. आणि त्यांनी ते पाळलं, अक्षरशः पाळलं. रेवाला मांडीवर घ्यायच्या, केस विंचरायच्या, भरवायच्या, सगळं मुक्यानं. हात डोक्याकडं गेला तर नुसता धरून ठेवायच्या. ऐकू न येणाऱ्या मुलीला ऐकू यावं म्हणून आम्ही बोलणाऱ्या बाईला मुकी केली, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. मला दुसरी वाट दिसत नव्हती.

रोज सकाळी यंत्र नीट चालतंय का ते तपासायला मुलाच्या पाठीमागं बसून सहा आवाज काढायचे असतात. आ, ई, ऊ, म, श, स. आवाज ऐकू आला की रेवा डब्यात एक रिंग टाकते. आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. पंधरा-वीस दिवसांनी त्यांनी विचारलं, "ह्ये सा आवाज हाईत न्हवं, ह्ये कंच्या भाषेचं?"

"कुठल्याच नाही."

"मग ह्ये म्या म्हणू व्हय?"

त्या दिवसापासून तपासणी त्यांची झाली. दहा मिनिटांचं काम त्या तासभर करायच्या. त्यांचा "म" लांबत लांबत जायचा, पाळणा हलवताना म्हणतात तसा. "ऊ" म्हणताना मान डोलायची. रेवा मागं वळून त्यांच्या गालाला हात लावायची. माझा राग केव्हाच ओसरला होता. एका वाक्यात सगळं परत देता आलं असतं, "आत्या, बोला तुम्हाला हवं ते." रोज सकाळी वाटायचं, उद्या बोलू. मला वाटलं, आधी मराठी पक्की होऊ दे. आणि थेरपीच्या बाईंना काय सांगणार, हीही भीती. असे पाच महिने गेले... आणि मग तो बसमधला फोन.

दीड महिना झाला. मागच्या आठवड्यात थेरपीच्या केंद्रात नव्या बाई आल्या आहेत, तरुण मुलगी. तिनं घरी कोण कोण असतं विचारलं. आत्यांचं सांगितलं, कानडीचंही सांगितलं. ती सहज म्हणाली, "अहो, दोन भाषा चालतात की. ज्याला जी मनापासून येते त्यानं ती बोलायची." तिला वाटलं, मला हे ऐकून बरं वाटेल. मी "हो का" म्हणाले आणि रेवाचे बूट घालायला खाली वाकले ते बराच वेळ वर उठलेच नाही.

घरी येऊन फोनमधले सगळे व्हिडिओ काढले. थेरपीला पाठवायला केलेले. पुष्कळ आहेत. आत्या बऱ्याच ठिकाणी दिसतात, कडेला, मांडी घालून, तोंड मिटून. त्यांचा आवाज नाही. व्हिडिओ सुरू करण्यापूर्वी मी बोटानं खूण करायचे, गप्प. त्यांचं "बंगारा" आता फक्त माझ्या आणि नवऱ्याच्या डोक्यात आहे. रेवाच्या डोक्यात किती उरेल, कोण जाणे. शब्द शिकवायच्या वहीत मरणं हा शब्द नाही. मी तिला आत्यांच्या फोटोला नमस्कार करायला शिकवलंय, ती करते.

रेवा आता दिवसभर यंत्र ठेवते. बॅटरी संपली की स्वतः काढून माझ्याकडं आणते. परवा सकाळी ती आत्यांच्या खोलीत गेली. खोली आम्ही अजून हलवलेली नाही, कॉटवर घडी घातलेली चादर तशीच आहे. मी दारातून बघत होते. ती कॉटपाशी गेली आणि पाठमोरी बसली, तपासणीला बसतात तशी. बराच वेळ वाट बघितली. मग उठली, दोन्ही यंत्रं काढली आणि माझ्या हातात दिली. "बॅटरी," म्हणाली.

दोन्ही बॅटऱ्या तासापूर्वीच घातल्या होत्या. मी त्या काढल्या, दुसऱ्या भरलेल्या घातल्या. तिनं दोन्ही चकत्या आपल्या हातानं डोक्याला लावल्या आणि पुन्हा जाऊन कॉटपाशी पाठमोरी बसली.