वीसदा तपासणारे चाचा

एकदा चाललं म्हणजे चाललं, असं चाचांनी कधी मानलं नाही. पेणच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कुणी "झालं काम" म्हणालं, की ते चष्म्यावरून बघत. "वीसदा चालव, मग बोल." उमेदीची वर्षं आखातात काढून ते रोह्याला परतले होते. दोन्ही मुलगे दोह्यात, बायको नुकतीच गेलेली. रोज एसटीने येऊन सगळ्यांच्या आधी ऑफिस उघडत.

आमचं काम व्हर्च्युअल मशीनचं. एका सर्व्हरच्या पोटात चालणारा दुसरा संगणक, तो चालू असतानाच उचलून वेगळ्या सर्व्हरवर न्यायचा. त्याची त्या क्षणाची सगळी अवस्था इकडे लिहायची, तिकडे वाचायची. नवी आवृत्ती दिल्यावर एका लॅबची तक्रार आली. हलवलेलं मशीन कधीकधी गोठतं. पडदा दिसतो, पण कळ दाबली तरी ढिम्म. आधी असं होत नव्हतं. आठवड्यात दुरुस्त झालं नाही तर हे काम हातचं जाणार होतं.

चाचांनी दोन आवृत्त्यांमधल्या बदलांपैकी बरोबर मधला घेतला. तिथपर्यंत मशीन नीट चाललं तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाहीतर मागच्या. मग उरलेल्याचा पुन्हा मध्य. दर वेळी मशीन वीसदा हलवायचं, मी शेजारी बसून कळा दाबायच्या. दुपारी ते डबा माझ्याकडे सरकवत. "खा गो. एकट्यापुरता भात शिजवायला अजून जमत नाय."

चौथ्या दिवशी एकच बदल उरला. त्यावर माझं नाव होतं. टायमरने दिलेली, पण मशीनने अजून न ऐकलेली हाक जपून ठेवणारी एक ओळ मी निरुपयोगी समजून काढली होती. अशी हाक बाकी असतानाच मशीन हलवलं, की ती हाक वाटेत हरवायची आणि मशीन तिची वाट बघत बसायचं.

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

"तपासून 'हो' कोणी म्हटलं? मीच," चाचा हळूच म्हणाले. "बायको गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी. घरी पावणे होते, एसटी गाठायची होती. एकदाच चालवलं."

कंपनीचे मालक, आमचे सर, कोड वाचत नसत. त्यांच्यापुढे चाचांनी एवढंच सांगितलं, "चूक माझी हाय." मी गप्प बसले. ओळ परत घातली, लॅबचं काम टिकलं. पण तपासणी सरांनी चाचांकडून काढून घेतली. दोन महिन्यांत चाचांनी नोकरी सोडली. मी रोह्याला भेटायला गेले तेव्हा घराला कुलूप लागलं होतं आणि ते दोह्याला मुलांकडे जायला बॅगा घेऊन पायरीवर बसले होते.

गेल्या महिन्यात सरांना खरं सांगितलं. "आता त्याचं काय?" ते म्हणाले. मी चाचांना फोन लावून तेच सांगितलं.

"कशाला सांगितलंस गो? नोकरीला काय झालं?"

"काही नाही झालं, चाचा."

"मग बरं."

"ठेवू का?" मी विचारलं.

"नको ठेवू," ते म्हणाले. "पोरं कामाला गेलीत. संध्याकाळपर्यंत घरात कोण नाय."