किरनापूरला नेलेला मोठा स्पीकर

इस्माईलभाईंशी माझं पहिलं भांडण नागपुरातच झालं, आमच्या फाटकाशी, व्हॅनमध्ये सामान चढवताना.

"साब, बडा डिब्बा पहले डालते हैं, एकदम अंदर," ते म्हणाले.

"अजिबात नाही. जड ते शेवटी, दाराशी. आत वाकून ओढायला लागलं की कंबर गेलीच म्हणून समजा."

"ये किसने बोला?"

"बायकोने."

"तो भाभीजी को बुलाओ ना बाहर. वो बतायेंगी, वैसा लगाऊंगा."

बिचाऱ्यांना काय माहीत! मी सांगितलं की ती गेल्या हिवाळ्यात गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन, आणि तिच्याच माहेरी, बालाघाटच्या पुढे किरनापूरला, तिच्या पहिल्या पुण्यस्मरणाला आपण चाललो आहोत. इस्माईलभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मग सगळं सामान मी म्हणेन तसं लावलं.

सामान म्हणजे आमचा कराओकेचा संसार. गाण्याचे शब्द दाखवणारा टीव्ही, मिक्सर, दोन माइक, स्टँड, वायरींची बॅग आणि तो मोठा स्पीकर. भरल्या सिलिंडरला लाज वाटावी इतका जड. माझी बँकेतली नोकरी संपली तेव्हा बायकोने, शालूने, हे खूळ काढलं. वाढदिवस, हळद, निवृत्तीचे समारंभ, जिथे बोलावतील तिथे आम्ही दोघं जायचो. लोकांना गायला लावायचं आणि अधूनमधून आपणही गायचं. मी मूळचा सांगलीचा, आयुष्यभर फाइलींखेरीज काही उचललेलं नाही. पहिल्याच कार्यक्रमात माझी पाठ धरली. तेव्हापासून उचलण्याचं खातं तिच्याकडे गेलं.

तिचे कायदे साधे होते. कमरेतून वाकायचं नाही, गुडघे मोडून बसायचं. वजन पोटाशी घ्यायचं, लेकरू घेतो तसं. उचलल्यावर कंबर पिळायची नाही, पावलं वळवायची. आणि मोजायचं नाही. लोक "एक, दोन, तीन" म्हणतात. त्यात एक जण तीनवर उचलतो, दुसरा तीन झाल्यावर, आणि ज्याने आधी उचललं त्याच्या पाठीचे बारा वाजतात. शालू नुसतं विचारायची, "धरलं का?" मी म्हणायचं, "हौ." की दोघांनी उचलायचं. माझं "हौ" येईपर्यंत ती जागची हलायची नाही. एकदा मी सवयीने "होय" म्हटलं तर म्हणाली, "सांगलीकर, तुमचं होय पोचेपर्यंत स्पीकर थंडा होते." मला तिच्या बोलीतला एवढा एकच शब्द नीट जमला.

भंडारा मागे टाकलं, तुमसरला चहा घेतला. तुमसरपुढे दोन्ही बाजूंना धानाची (भाताची) शेतं कापून मोकळी झालेली होती आणि बांधांवर पुंजने (कापलेल्या धानाच्या पेंढ्यांचे ढीग) रचलेले. थंडी कोवळी होती. आपण महाराष्ट्र सोडला हे पाट्या हिंदीत आल्यावर कळतं. माणसं, गाई आणि घरांचे रंग तेच राहतात. शालू हा रस्ता लागला की बडबड करायची. हे अमक्याचं वावर, ही तमक्याची विहीर. आता खिडकीतून शेतं गेली आणि एकही कोणाचं ते मला सांगता आलं नाही.

कटंगीला बाजाराचा दिवस होता. गर्दीतून वाट काढताना मागचं चाक बसलं. स्टेपनी होती, पण कुठे, तर सगळ्या सामानाच्या खाली! घ्या! अख्खा संसार रस्त्यावर काढायची पाळी आली. पहिला अर्थातच दाराशी ठेवलेला स्पीकर. त्याला दुसऱ्या बाजूने हात लावायला शेजारचा लसूण विकणारा गडी धावून आला.

"छोडो काका, मैं हूं ना," म्हणाला, आणि लगेच, "एक, दो..."

दोनवरच त्याने उचललं. मी तीनची वाट बघत होतो. पाठीत अशी कळ आली की मी तिथेच, लसणाच्या पोत्यावर, आडवा झालो. गड्याची बायको पदर खोचून पुढे आली आणि नवऱ्यावर उखडली.

"म्हाताऱ्या मानसाले मारता काय? इचारून तं उचलावं!" मग माझ्याकडे वळून, "पडून राहा जी, उठू नका. कोठं चालले एवढं घेऊन?"

"किरनापूरला. बायकोचं पुण्यस्मरण आहे."

तिने समोरच्या गाडीवरून मुंगोडी (मुगाची भजी) आणि चहा मागवला आणि चाक बदलेपर्यंत माझ्या उशाशी बसून राहिली. मुंगोडी गरम होती, वर तळलेली मिरची. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मिरचीचं, असं मी तिला सांगितलं. तिने मान डोलावली.

बालाघाटला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. वैनगंगेचं पाणी उतरलं होतं आणि मध्ये वाळूचे पट्टे उघडे पडले होते. लग्नानंतर पहिल्यांदा इथे आलो तेव्हा शालूने मला या नदीला हात जोडायला लावलं होतं आणि मी जोडत असताना मागून हसत होती. या वेळी मी गाडीतूनच जोडले. औषधाच्या दुकानात कमरेचा पट्टा घेतला. काउंटरवरची पोरगी मराठी समजायची आणि उत्तर हिंदीतून द्यायची. "अंकल, भारी सामान मत उठाना," तिने बजावलं. मी म्हटलं, "नाही उचलणार." खोटंच.

किरनापूरला घरासमोर व्हॅन उभी राहिली. अंगण शेणाने सारवलेलं, एका बाजूला यंदाच्या धानाचे कट्टे (पोती) रचलेले. शालूची धाकटी बहीण छाया दाराशी आली. घरची शेती तीच बघते आणि आईलाही. मागे खाटेवर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. पांढरं लुगडं, केस चापूनचोपून विंचरलेले. वय झालंय, डोळ्यांनी धूसर दिसतं, कान मात्र शाबूत.

"जयभीम, आई," मी वाकून पाया पडलो. पाठीने शिवी दिली.

"आलते का जी?" त्यांनी माझा हात घट्ट धरला. "आनलं का मह्या शालीले?"

मला वाटलं, म्हातारं माणूस, बोलण्याची रीत. मी "हो, हो" म्हणून गेलो.

छायाने मला आत बोलावलं. तिचा चेहरा उतरलेला होता.

"भाऊजी, एक गडबड झाली. म्या आईले सांगलं का ताई ज्या मशीनवर गाये ते मशीन येऊन राह्यलं. तिनं समजलं का ताईचा आवाज त्याच्यात भरून हाये. साऱ्या मोहल्ल्यात सांगून आली, आज मायी शाली गानार म्हनून. म्या किती समझावलं. ऐकतच नाई."

 कराओके म्हणजे काय? गाण्यातलं सगळं असतं, वाद्यं असतात, शब्द असतात; फक्त आवाज काढून टाकलेला असतो. मी एवढ्या लांब ओझं वाहून नेमकी तीच एक गोष्ट सोडून बाकी सगळं आणलं होतं. मोबाइलमध्ये दोन व्हिडिओ होते, पण त्यांत शालू कमी आणि लग्नातली पोरं किंचाळतात ती जास्त. ते आईंनी वर्षभर ऐकून झालेले. शालूने आईला कधी गाऊन दाखवलं नव्हतं असं नाही, चुलीपाशी गायची. पण माइकवर, अंगणात, सगळ्या मोहल्ल्यासमोर गायचं तिच्या मनात होतं. दर वर्षी म्हणायची, यंदा धान निघालं की नेऊ सामान. दर वर्षी धान निघायचं आणि काहीतरी आडवं यायचं.

दिवस कलला तेव्हा अंगण भरलं. शालूचा फोटो मांडला, मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. खिरीचा वास येत होता. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. आईंनी खाट स्पीकरच्या अगदी जवळ ओढून घ्यायला लावली होती. त्या त्याच्या जाळीवरून हात फिरवत होत्या, ताप पाहतात तसा.

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. "आई, यात शालू नाही. यात नुसतं वाजतं. गायचं आपण असतं."

"नाई?"

"नाही, आई."

"मंग एवढं मोठं काहून आनलं?"

 त्यांचा हात जाळीवरून खाली आला. आयुष्यात मला इतकं रिकाम्या हाताने कुठे गेल्यासारखं वाटलं नाही.

तरीही मी गायलो. आम्हा दोघांचं एक गाणं होतं, एक ओळ माझी, एक तिची. माझी ओळ मी म्हटली. तिची आली तेव्हा माइक खाली घेतला. टीव्हीवर शब्द एकेक करून रंगत गेले आणि नुसती बासरी वाजत राहिली.  पुन्हा माझी ओळ, पुन्हा तिची रिकामी. शेवटच्या कडव्याला मी माइक वर घेतलाच नाही आणि मग दोन्ही ओळी तशाच गेल्या.

आई मध्येच उठून आत गेल्या होत्या. मी पाहिलं नाही, छायाने सांगितलं. खीर सगळ्यांनी खाल्ली, चांगली झाली होती म्हणाले. आईंनी खाल्ली नाही.

सकाळी निघायची तयारी. आई बाहेर खाटेवर बसल्या होत्या, माझ्याशी धड बोलत नव्हत्या. बाकी सामान चढलं, स्पीकर उरला. इस्माईलभाई बाह्या सारून आले, पण छाया म्हणाली, "ठहरो भैया, हे रोजचं काम हाये मायं." ती पदर खोचून पलीकडे गुडघे मोडून बसली. मी अलीकडे बसलो, पट्टा आवळला, हात खाली घातले आणि ती मोजेल म्हणून वाट बघू लागलो.

"धरलं का?" छाया म्हणाली.

 तोच प्रश्न, तोच झटका, शेवटी तस्साच वर गेलेला "का". मी तिच्याकडे बघतच राहिलो. उत्तर माझं होतं, आणि ते माझ्या तोंडातून निघेना. ती हात घालून थांबली होती. "हौ" आल्याशिवाय उचलायचं नाही हे तिलाही माहीत होतं.

"का झालं भाऊजी? पाठ धरली का?"

"हे तुला कोणी शिकवलं?"

"कोन शिकवन? आईनं. आमाले दोघीले. धानाचे कट्टे असेच उचलो आमी. काहून?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, हे शालूने आमच्यासाठी काढलेलं आहे! मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो. चारचौघांत, ड्रायव्हरसमोर. मग आईंना सांगितलं. सांगितलं की तुमची लेक प्रत्येक हॉलच्या पायरीवर, प्रत्येक मांडवात, गाण्याच्या आधी आणि गाण्याच्या नंतर हेच म्हणायची. गाणी रोज बदलायची, हे कधी बदललं नाही.

आईंनी मान वळवली. "कशी म्हने?"

"धरलं का, असं."

"असं नाई. तिच्यावानी म्हना."

मी साठी उलटलेला माणूस, आवाज घोगरा. पण कानात ते इतकं मुरलेलं होतं की मी डोळे मिटले आणि म्हटलं. पहिला शब्द तिच्यासारखा घाईचा, दुसरा तिच्यासारखा वर उचललेला.

"धरलं का?"

आईंचे ओठ हलले. "आनखी एकडाव."

छायाने स्पीकरखालचे हात तसेच ठेवले होते. मीही पुन्हा गुडघे मोडून बसलो, हात घातले आणि म्हटलं, "धरलं का?"

आईंनी खाटेच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या, समोर कट्टा असावा तशा.

"हौ," त्या म्हणाल्या.

आणि आम्ही उचललं. पाठीला कळलंसुद्धा नाही.

निघताना त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. छायाने धानाचा एक कट्टा गाडीत टाकला, नको म्हटलं तरी. परतीच्या रस्त्यावर कटंगीला बाजार उठलेला होता, रस्त्यावर लसणाची सालं उडत होती.  नागपूरला फाटकाशी इस्माईलभाईंनी मागचं दार उघडलं, गुडघे मोडून खाली बसले, आणि मोजलं नाही. माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा लक्षात आलं, आता विचारायचं काम माझ्याकडे आलं आहे.

मी विचारलं. ते "हौ" म्हणाले. स्पीकर घरात आला.

ते गेल्यावर फोन वाजला. छाया होती. "पोचले का? घ्या, आई बोलते म्हनते." मग नुसता श्वास ऐकू येऊ लागला. आई काही विचारत नव्हत्या, बोलत नव्हत्या. नुसत्या थांबल्या होत्या.

मला समजायला थोडा वेळ लागला.

"धरलं का?" मी म्हणालो.

"हौ," किरनापूरहून आवाज आला, आणि फोन ठेवला गेला. अंधार पडला तरी दिवा लावायचं मला सुचलं नाही. स्पीकरवर हात ठेवून मी तसाच बसून राहिलो.