आयुषच्या आजोबांचं बोलणं

उपनगरातल्या कॉलनीत जयराम भालेरावांना मान होता. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. गंडेदोरे, नवससायास त्यांनी घरात कधी शिरू दिले नाहीत. नातू आयुष पाच वर्षांचा झाला तरी बोलेना, नजरेला नजर देईना, सारखे हात झटकायचा. शेजारणीने ताईत सुचवला, तर भरल्या बुद्धविहारात त्यांनी तिला उडवून लावलं. आणि त्याच दमात म्हणाले, "आईने नोकरीपायी पोराला पाळणाघरात टाकलं, हातात मोबाईल दिला. बोलणार कसं ते?"

आई म्हणजे त्यांचीच लेक, तेजल. जावई परगावी, म्हणून ती माहेरीच राहायची. तीही तिथेच बसली होती; तिने मान खाली घातली. पुढे अंबडच्या कंपनीतली नोकरीही सोडली. तरी पोर काही बोलायला लागलं नाही.

मग डॉक्टरांनी आयुषचं, तेजलचं आणि आजी-आजोबांचंही रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंनी बापलेकीला समोर बसवलं.

"पेशीत प्रथिनं बनतात ती आरएनएने आणलेल्या निरोपावरून. एक प्रथिन त्या निरोपाला चिकटून त्याला थोपवून धरतं. आयुषच्या शरीरात हे थोपवणारं प्रथिनच बनत नाही. म्हणून मेंदूच्या पेशींत नको तेव्हा, नको तितकी प्रथिनं बनत राहतात. मोबाईलचा, पाळणाघराचा इथे काही संबंध नाही."

"मग हे आलं कुठून?" जयरामांनी विचारलं.

"जीनमधला तो दोष तुमच्यात सौम्य आहे. तुमच्याकडून लेकीला आला, तिच्याकडून नातवात जाताना वाढला. तुमचे हात थरथरतात, तेही बहुधा त्यामुळेच."

जयरामांनी हात मांडीखाली दाबले.

घरी आल्यावर त्यांना राहवेना. "तेजू, माझ्यामुळे गं हे सगळं. माझ्याच रक्तातून."

आयुषला भात भरवत ती म्हणाली, "रक्ताचं तुम्हाला कुठे माहीत होतं, बाबा? पण विहारात बोललात, ते तर तुम्हीच बोललात ना?"

त्या दिवशी ते जेवायला बसले नाहीत. "झालं गेलं, आता जेवा," म्हणून सुलाबाईंनी, त्यांच्या बायकोने, दोनदा ताट पुढे केलं.

रविवारी बुद्धवंदना संपल्यावर ते विहारात उभे राहिले. "मी इथेच माझ्या लेकीला बोल लावला होता. तो खोटा होता. दोष माझ्याकडून आला." तेजल आली नव्हती.

आता ती पुन्हा कामावर जाते. आयुषला पंचवटीत बोलण्याच्या उपचारांना जयरामच नेतात. परवा तो "पाणी" म्हणाला. तेजल त्यांच्याशी डब्याचं, औषधाचं नीट बोलते. विहारातली गोष्ट तिने परत काढलेली नाही, आणि जयरामांना तेच जास्त टोचतं.