रायमुंडची साबणाची डबी

आल्फोन्स कुर्पानिकने रायमुंड शेन्देराला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा रायमुंड पाठीवर टेलिव्हिजन घेऊन तळघराच्या पायऱ्या चढत होता आणि आल्फोन्सच्या हातात कोळशाचं फावडं होतं. पुढे जे घडलं ते रुदा गावातल्या खाणवसाहतीत अजून सांगतात, आणि सांगणाऱ्यागणिक ते वाढतं. मूळ गोष्टीत आल्फोन्सने "चोर, चोर" करत त्याला अंगणाच्या टोकापर्यंत पळवलं, एवढंच. आता तो त्याला आख्ख्या वसाहतीतून पळवतो. दोघे वाळत घातलेल्या चादरी अंगावर घेऊन एका अंत्ययात्रेत घुसतात, बँडवाले शोकधून अर्धवट टाकून मागे धावतात, आणि शवपेटीतला मयत, म्हणे, झाकण उचलून विचारतो, "काय चोरलं रे?" टेलिव्हिजन मात्र प्रत्येक आवृत्तीत शाबूत राहतो. रायमुंडने हाती घेतलेली वस्तू आयुष्यात कधी पाडली नाही, हे त्याचे शत्रूही मान्य करतात.

टेलिव्हिजन त्याचाच होता. तळघरही त्याचंच होतं. आदल्याच दिवशी तो तिथे राहायला आला होता. आल्फोन्सने फावडं टेकवलं, हात मिळवला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "त्रुदा, तो चोर नाही निघाला. पण का नाही निघाला, ते काही कळलं नाही."

आल्फोन्सला नावं ठेवण्याआधी एक लक्षात घ्यावं. तो खाणीत वायरमन होता. "वीज बंद आहे" असं कुणी सांगितलं आणि त्यावर ज्यांनी विश्वास ठेवला, त्यातले बरेच पेन्शनपर्यंत पोचले नाहीत. आल्फोन्स पोचला. त्यामुळे संशय हा त्याला दुर्गुण वाटत नसे. हेल्मेट वाटे, आणि निवृत्त झाल्यावरही त्याने ते उतरवलं नाही.

शिवाय तो कबूतरबाज होता. आमच्याकडे शर्यतीची कबुतरं पाळणारी माणसं देवावर विश्वास ठेवतात, कबुतरावर ठेवतात आणि तिथे थांबतात. कबुतरं ट्रकात घालून दूर जर्मनीत नेऊन सोडायची, ती आपापल्या ढाबळीत परत येतात, पोचण्याची वेळ घड्याळात उमटते. ते घड्याळ आधीच तारेने बांधून, त्यावर शिशाची मोहर मारून दिलेलं असतं, आणि सगळ्यांसमोरच ती मोहर तोडायची. ट्रकालाही मोहर. प्रत्येक ढाबळीचं अंतर वेगळं, म्हणून वेग काढायचा, गुण द्यायचे आणि हंगामाअखेर सगळ्यात सातत्याने उडालेल्या कबुतराला करंडक. हा हिशेब कोणी करायचा यावर आमच्या सेक्शनमध्ये, म्हणजे वसाहतीतल्या कबूतरबाजांच्या मंडळात, दोन हंगाम भांडण चाललं. शेवटी काम रायमुंडला मिळालं, कारण सेक्शनच्या खोलीत बसणाऱ्या माणसांत कबुतरं नसलेला तो एकटाच होता.

आल्फोन्सला नेमकं हेच खटकलं. "कबुतरं नाहीत, मग हा रविवारी मान वर करून बघतो काय?"

रायमुंड मुलीचा जुना कॉम्प्युटर वापरत असे. सगळं यंत्र कीबोर्डच्याच पोटात, पडदा म्हणून घरचा टेलिव्हिजन. मुलगी त्यावर खेळ खेळत मोठी झाली, लग्न करून जर्मनीत डॉर्टमुंडला गेली आणि यंत्र बापाकडे राहिलं. वसाहतीतल्या इतरांच्या घरी तोवर नवे, करड्या खोक्यांचे कॉम्प्युटर आले होते. ते हे म्हातारं यंत्र पाहून हसत. रायमुंड त्याच्याशी बोलत असे. "चल बाबा, आता न्येश्पोरेकची ढाबळ. उठ." यंत्र उठे आणि भागाकार करी.

त्या वर्षी वसंतात फ्लॉपी मरायला लागल्या. एक आख्खी शर्यत वाचता येईना. रायमुंडने ती कागदांवरून पुन्हा भरली, सगळा हिशेब यंत्राच्या आतल्या डिस्कवर हलवला, पण त्याची झोप उडाली. सगळ्याची जादा प्रत टेपवर ठेवणारं यंत्र बाजारात मिळत होतं. त्या किमतीत जुनी छोटी फियाट आली असती, टायरांसकट. रायमुंडकडे फियाट नव्हती, पण व्हिडिओ रेकॉर्डर होता. त्याने एका मेलेल्या रेडिओतले मूठभर सुटे भाग काढले, डाग देऊन जोडले आणि प्लास्टिकच्या हिरव्या साबणाच्या डबीत बसवले. डबीची एक वायर कॉम्प्युटरला, दुसरी रेकॉर्डरला. कॉम्प्युटरमधली माहिती काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र बनून साध्या व्हिडिओ कॅसेटवर जाई, आणि कॅसेट परत चालवली की तीच डबी ठिपके वाचून माहिती परत आणी. कॅसेटीही त्याने बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीतून ढिगाने उचलल्या, बिअरच्या एका बाटलीला दोन या भावाने.

प्रयोग पाहायला आल्फोन्स आला तो टोपी न काढताच बसला. पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं झालं.

"यात माझी निळी मादी कुठाय?"

"सगळीकडे आहे रे. चित्र नाहीये ते. आकडे आहेत."

"मला दाखव."

रायमुंडने सुस्कारा सोडला आणि बोट ठेवलं. "ही."

आल्फोन्स पुढे वाकला. "आणि न्येश्पोरेकचा नर?"

"तो... हा."

"त्याचा ठिपका मोठा का?"

"आल्फोन्स, तू कॉफी पी."

"पितो. तू आधी पी."

रायमुंडने समजावलं, की टेप कुठे चुरगळली तर पंचाईत नको, म्हणून डबी प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिते. इथे पुसलं गेलं तर तिथून वाचायचं. आल्फोन्सने कप खाली ठेवला. "दोनदा? कोणकोणाचं दोनदा?"

पाउलेक न्येश्पोरेक हा आल्फोन्सचा जन्माचा प्रतिस्पर्धी, लठ्ठ आणि आनंदी. संशय घ्यायला लागणारी मेहनतसुद्धा तो करत नसे, आणि म्हणूनच आल्फोन्सला तो सगळ्यात संशयास्पद वाटे. त्याच्या घरात चार करंडक होते. आल्फोन्सच्या घरात एकही नव्हता. निळी मादी म्हातारी होत चालली होती, हा तिचा शेवटचा हंगाम, आणि ती उडत होती अशी, की त्रुदासुद्धा रविवारी मांसाच्या गुंडाळ्यांचा रोलाडा शिजत टाकून खिडकीत येऊन उभी राहायची.

कॅसेट कोणाकडे ठेवायची यावर सेक्शनची बैठक झाली. रायमुंडकडे? त्याच्याकडे यंत्र, वर कॅसेटही, मग राहिलं काय? अध्यक्षाकडे? त्याची कबुतरं होती. कुणी म्हणालं, चर्चमध्ये फादरांकडे देऊ.

"फादरांची कबुतरं आहेत," आल्फोन्स म्हणाला.

"अरे, ते फादर आहेत!"

"मी फादरांबद्दल बोलतच नाहीये. कबुतरांबद्दल बोलतोय."

शेवटी ठरलं ते असं: प्रत्येक शर्यतीनंतर प्रत्येकाला तोवरच्या सगळ्या हंगामाची एकेक प्रत, डब्याला तार, तारेवर शिशाची मोहर. पुढच्या शर्यतीला जुनी आणायची, नवी न्यायची. रायमुंड सोमवारभर बसून प्रती काढी आणि एका शब्दाने कुरकुरत नसे. उलट त्याला यात गंमत वाटे. "मोठाल्या बँकांकडेसुद्धा एवढ्या जागी प्रती नसतील," तो म्हणे. "त्यांच्याकडे विश्वास असतो ना, म्हणून."

लोकांनी कॅसेटी कुठे ठेवल्या, हे कुणी कुणाला सांगितलं नाही. आल्फोन्सने आपली लोखंडी पेटीत ठेवली, आणि पेटी बायकोलाही उघडता येऊ नये म्हणून झाकणाला खाणीच्या वर्कशॉपमधून आणलेला, बशीएवढा चुंबक बसवला. तो ओढून काढायला दोन्ही पाय भिंतीला टेकवावे लागत.

सप्टेंबरात, शेवटची शर्यत होऊन त्याच्याही प्रती वाटून झाल्यावर, पण बक्षीस समारंभाआधी, रायमुंडच्या कॉम्प्युटरने कॉफीच्या गिरणीसारखा आवाज केला आणि आतली डिस्क कायमची गप्प झाली.

"नेमकी आत्ताच?" आल्फोन्स म्हणाला.

"ती मुहूर्त काढून मरत नाही."

"तुझं न्येश्पोरेकशी काही नातं आहे का रे?"

"आहे. तो मला भेटला की नमस्कार करतो."

कागद होते. प्रत्येक शर्यतीचा निकाल छापून सगळ्यांना दिलेलाच होता. पण आपल्याकडच्या कागदावर ज्याने-त्याने पेन्सिलीने न्याय केला होता. इथे एक मिनिट, तिथे थोडे मीटर. शेजारीशेजारी ठेवले तर तो एकच हंगाम आहे हे कुणाला पटलं नसतं. आल्फोन्सच्या कागदाप्रमाणे निळी मादी पहिली होती. न्येश्पोरेकच्या कागदावर दुरुस्त्या नव्हत्या, पण त्यावर हेरिंग मासे बांधले गेले होते.

रायमुंडने बाजारातून तसलाच दुसरा जुना कॉम्प्युटर आणला आणि रविवारी प्रार्थनेनंतर खानावळीच्या मागच्या खोलीत सगळे कॅसेटी घेऊन जमले. फादरांना दफनाला जायचं होतं. त्यांनी आपली पाठवून दिली. बायका केक घेऊन दाराशी उभ्या राहिल्या, कारण हे चुकवण्यासारखं नव्हतं.

मोहरा तपासायला सुरुवात झाली. एक मोहर तुटलेली. दुसरी तुटलेली. तिसरी मेणाने चिकटवलेली. आपल्या प्रतीत कुणी घोळ तर घातला नाही ना, हे बघायला जवळजवळ प्रत्येकाने ती घरी लावून पाहिली होती. मुंग्या दिसल्यावर घोळ घातल्याची खात्री पटली होती, आणि रागाच्या भरात पुढेमागे करून टेप पार चुरगळून टाकली होती. अध्यक्षांच्या कॅसेटवर नातीच्या पहिल्या कम्युनियनचा चर्चमधला सोहळा भरलेला होता. फादरांची मोहर धड होती, पण रायमुंडने घाईत त्यांना चुकीची कॅसेट दिली होती. तीत एक बाई घट्ट कपड्यांत कमरेचे व्यायाम शिकवत होती. बायकांनी केक खाली ठेवून छातीवर क्रूसाची खूण केली.

आल्फोन्स विजयाने उठला. दोन्ही पाय भिंतीला टेकवून त्याने पेटी उघडली. मोहर अस्पर्श होती. कॅसेट लावली. पडद्यावर काहीच नाही, मुंगीसुद्धा नाही.

रायमुंडने पेटीकडे पाहिलं, मग बशीएवढ्या चुंबकाकडे. "आल्फोन्स," तो हळूच म्हणाला, "टेपवर जे लिहिलेलं असतं ना, ते चुंबकानेच लिहितात. आणि चुंबकानेच पुसतात."

"म्हणजे आपल्या मादीला तूच पुसलंस," त्रुदा दारातून म्हणाली. "कोणाला फावडं घेऊन पळवणारेस आता?"

शेवटची कॅसेट न्येश्पोरेकची. तो जाळीच्या पिशवीतून ती घेऊन आला. डबा धुळीने माखलेला, मधोमध दबलेला. "स्वयंपाकघरातलं कपाट डुगडुगत होतं," तो म्हणाला. "त्याच्या पायाखाली बरोब्बर बसली." मोहर जशीच्या तशी होती. उघडून बघावं हे त्याला सुचलंच नव्हतं.

रायमुंडने कॅसेट लावली नाही. तो म्हणाला, "आधी प्रत्येकाने सांगायचं, यात जे निघेल ते मान्य. निघाल्यानंतर नाही. आत्ता." एकेक जण "मान्य" म्हणत गेला. आल्फोन्सपाशी येऊन ते थांबलं. प्रतिस्पर्ध्याची कॅसेट, प्रतिस्पर्ध्याच्या कपाटाखालची! त्याने भिंग काढून मोहर पाहिली, तार पाहिली, न्येश्पोरेकचे दात पाहिले. खिडकीबाहेर त्याची ढाबळ दिसत होती आणि कठड्यावर निळी मादी पिसं साफ करत बसली होती.

"मान्य," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द लग्नानंतर कुणी ऐकला नव्हता.

मुंग्या धावू लागल्या. अर्ध्यावर, जिथे कपाटाचा पाय रुतला होता, तिथे चित्र फाटलं, पडदा काळा झाला. आल्फोन्सने रायमुंडची बाही घट्ट धरली. "दुसऱ्यांदा लिहिलंय ना?" तो कुजबुजला. "तू म्हणाला होतास. दोनदा लिहितोस म्हणून."

"लिहिलंय."

डबीने दुसरीकडून वाचलं. हंगाम परत आला, आणि छापखान्याच्या टकटकीसारखा आवाज करत प्रिंटरने निकाल बाहेर काढला. न्येश्पोरेकचा नर दुसरा. आल्फोन्सची निळी मादी तिसरी. पहिलं आलं होतं फादरांचं एक राखाडी कबूतर, ज्याच्यावर कुणी लक्षच ठेवलं नव्हतं. ते एकाही शर्यतीत जिंकलं नव्हतं; फक्त प्रत्येक शर्यतीत वेळेवर घरी आलं होतं.

घरी जाताना आल्फोन्सने व्हिडिओ रेकॉर्डर उचलला आणि रायमुंडने फक्त डबी घेतली.

"फादरांचं वर येणंजाणं आहे," आल्फोन्स म्हणाला. "हे नियमात बसतं का, बघायला हवं."

"बघ."

"आणि एक सांग. खरं सांग. तू कबुतरं का नाही पाळलीस?"

"पिसांनी मला शिंका येतात."

आल्फोन्सने रेकॉर्डर दुसऱ्या काखेत घेतला. "हं," तो म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता.

मार्चमध्ये रायमुंड मुलीकडे डॉर्टमुंडला राहायला गेला. जाताना त्याने डबी आल्फोन्सच्या हवाली केली. पुढच्या हंगामापासून सेक्शन शेजारच्या सेक्शनमध्ये विलीन झालं आणि हिशेब तिकडे नव्या कॉम्प्युटरवर होऊ लागला. त्रुदाने डबीतल्या वायरी काढून ती धुतली. आता तिच्यात साबण असतो.