पौर्णिमेला माहुलला जाणार असाल तर

यजमानांना जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा गुरुजी म्हणाले, "त्यांच्या व्रताचं उद्यापन करून टाका. दैवत कोणतं?" मला सांगता येईना. पौर्णिमा-अमावास्येला हे पहाटे उठून, आंघोळ करून, पायरीवर पुस्तक घेऊन बसत. लग्नानंतरच्या पहिल्याच पौर्णिमेला मी ते पाहिलं आणि उपास समजून साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली. यांनी मुकाट्याने खाल्ली. पुढे तेच चालू राहिलं. दैवत विचारायचं राहून गेलं. म्हणून यांच्या जन्मगावी, माहुलजवळच्या पाड्यावर जायचं ठरवलं.

घाटकोपरहून कुर्ल्याला गाडी बदलून चेंबूर. पुढे बस, दोन आणे. शेवटचा टप्पा पायी. छत्री आणि पाणी न्या, वाटेत सावली नाही. तेलाच्या नव्या कारखान्यांची धुराडी दिसत राहतात, त्यामुळे चुकायला होत नाही. मॅट्रिकला बसणारी मुलगी शैला बरोबर होती.

पोचलो ती पौर्णिमेची दुपार. हे लहानपणी जात त्या शाळेचं कौलारू छप्पर खाडीच्या पलीकडे, मध्ये नुसतं पाणी. पूल नाही, होडी नाही.

"बाबा चालत जायचे म्हणायचे ना गं?" शैलाने विचारलं.

आईवेगळ्या यांना लहानपणी सांभाळणाऱ्या रोझामावशी अजून तिथेच राहतात. नाव सांगताच त्यांनी हाताला धरून आत नेलं, तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं.

"मला उपास आहे," मी म्हणाले. "यांचाच पुढे चालवतेय."

"कोनाचा? आमच्या दत्तूचा?" मावशींना हसू आवरेना. "त्याला कसला गो उपास! पुनवेला-अवसेला भर दुपारी भरती, वाट पान्याखाली. म्हनून तो पहाटेच्या ओहोटीला निघायचा. शाळा उघडेपर्यंत पायरीवर वाचत बसायचा, सांजच्या ओहोटीला परत. पोटात काय नसायचं तवा. त्याला उपास म्हन पायजे तर."

घास घ्यावा की नाही, मला कळेना. शैलाने मात्र दुसरी भाकरी मागून घेतली.

संध्याकाळी पाणी उतरलं आणि चिखलातून दगडांची रांग वर आली. शैला चपला हातात घेऊन निम्म्यापर्यंत गेली. मी काठावरच उभी राहिले. तुम्हाला ती वाट पाहायची असेल तर तिथी बघून जा. पौर्णिमेच्या दुपारी गेलात तर आमच्यासारखे थांबाल.

घरी आले तरी गोंधळ सुटलेला नाही. घाटकोपरला आमच्या दारात कुठे भरती येत होती? मग हे का उठत? आणि उपास नव्हता तर इतकी वर्षं माझी खिचडी का खात राहिले? गुरुजींना म्हटलं, दैवत नाही. ते म्हणाले, मग उद्यापनही नको.

परवा अमावास्या झाली. आदल्या रात्री हात आपोआप साबुदाण्याच्या डब्याकडे गेला. पहाटे शैला पायरीवर अभ्यासाला बसली होती. गरम खिचडी तिच्यापुढे ठेवली.

"आज काय आहे गं?"

"काही नाही. खा."

तिनेही पुढे काही विचारलं नाही.