तळवा ठेवा, दहा मोजा

"उठ. तुझा हात लागला की कॉम्प्युटर गरम होतो."

लॅबमध्ये सगळे हसले. बोलणारे सरही हसले. मी खुर्चीवरून उठले. गोंदियातल्या कॉलेजात इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. गटात चौघं, त्यात बौद्ध वस्तीतली मी एकटी. तेव्हा मी मान खाली घातली. त्याची आजही चीड येते.

प्रोजेक्ट मोटरचा होता. ब्रश नसलेली मोटर, ठिणगी उडत नाही, भुसा पेटत नाही, म्हणून सरांच्या मेहुण्याच्या राईस मिलमध्ये भुशाच्या खोलीतला पंखा तिच्यावर चालणार होता. पण नुसत्या तापण्यानंही भुसा पेटतो, म्हणून ती किती तापेल, ते आधी कॉम्प्युटरवर चालवून बघायचं. पडद्यावरची रेघ थोडी चढायची आणि आडवी व्हायची. सर खूश. त्या खोलीत भुसा ओढायला माझी आई होती.

रेघ खोटी होती. तार तापली की विजेला जास्त अडवते, आणि म्हणून आणखी तापते. सरांनी थंड तारेचाच आकडा भरला होता. मी तसं बोलले.

"तुझा बाप मुर्रीच्या दुकानात जळक्या मोटरा बांधतो ना? तू पण तारच गुंडाळ. डोक्याचं काम आम्हाला करू दे."

गुंडाळली. सगळे जेवायला गेले तेव्हा मी गरम तारेचा आकडा भरला. रेघ चढली. चढतच राहिली. मी दोन्ही रेघा कागदावर छापून घेतल्या.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "कॉम्प्युटर बरोबर सांगून राहिला. पण थे मानत नाहीत. तासभर चालव, बंद कर, तळवा ठेव. दहा मोजेपर्यंत ठेवता नाही आला, तं मोटर गिऱ्हाइकाले द्याची नाही."

मेहुणा बघायला आला त्या दिवशी मोटर तासभर चालली. रिपोर्टवर तिघांच्या सह्या झाल्या होत्या. माझी राहिली होती.

"सर, हात ठेवा. दहा मोजा."

सरांनी हात खिशात घातला. मग मीच ठेवला. चारला भाजलं. सहाला काढला.

"सही कर. नाहीतर वर्ष जाईल."

नाही केली. वर्ष गेलं. मोटर मिलमध्ये बसली. आईला मी जाऊ दिलं नाही, तर तिच्या जागी दुसरी बाई आली. मग मी दोन्ही रेघांचे कागद घेऊन मिलच्या फाटकावर उभी राहिले. कामावर येणाऱ्या बायांपैकी दोघी परत फिरल्या. बाकीच्या आत गेल्या. पंख्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

आता मी मोटरा तपासते. कुणी कागद पुढे करून सही मागितली की म्हणते, आधी तुमचा तळवा ठेवा. मोजायला मी उभी आहे.